कुत्र्याचे श्रवण

अंकुशनगरास गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे रात्र आणि दिवस यांच्यामधली सीमारेषा पुसट होऊन जाते. समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची घरघर, उसाने लादलेल्या बैलगाड्यांची कुरकूर, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा, मुकादमाच्या हाका आणि पाळी बदलताना होणारा भोंगा, अशा त्या गदारोळात आमच्या ओसरीवर एक तांबूस कुत्रा पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडलेला असतो. तो आमचा नव्हे. गेल्या हंगामात एका ऊसतोड कुटुंबाच्या गाडीखालून चालत तो इथे आला, आणि पट्टा पडल्यावर ते कुटुंब कोपी मोडून गावी परतले तेव्हा, का कोण जाणे, मागेच राहिला.

दिवेलागणीस मनाचे श्लोक मोठ्याने म्हणण्याची आमच्या घरी जुनी वहिवाट आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, त्यामुळे या पठणात भक्तीइतकाच शेजारधर्मही असावा. महिनाभर मी हे श्लोक म्हणता म्हणता त्या कुत्र्याच्या कानांकडे पाहत आलो. भुजंगप्रयाताची ती एकसारखी हेलकावणारी चाल चालू असेतो त्याचा कान हलत नाही. परंतु आतल्या चुलीपाशी भाकरी थापल्याचा पहिला थपका पडला, की उजवा कान वळतो, आणि डावा मागाहून. मोरीत धुणे आपटल्याच्या आवाजास मात्र तो हा मान देत नाही, यद्यपि भिंतीपलीकडून ते दोन आवाज माझ्या कानास जवळजवळ सारखेच येतात. मनुष्याचा कान फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ग्रहण करतो, आणि कुत्र्याचा सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत पोहोचतो. तेव्हा श्लोक त्यास ऐकूच येत नाहीत अशी कैफियत त्याच्या वतीने कोणी मांडू नये.

मग तो अरसिक आहे काय? बुडापेस्टच्या संशोधकांनी 2022 च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अठरा कुत्र्यांस मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात निश्चल पडून राहण्यास शिकवून ‘द लिटल प्रिन्स’ या पुस्तकातील उतारे स्पॅनिश व हंगेरियन भाषांत ऐकविले, तेव्हा परिचित आणि अपरिचित भाषेस त्यांच्या मेंदूने निरनिराळा प्रतिसाद दिला, आणि वयस्क कुत्र्यांत हा विवेक अधिक स्पष्ट आढळला. त्याच नगरात 2016 साली झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसून आले, की स्तुतीचा शब्द आणि स्तुतीचा सूर एकत्र आले तरच कुत्र्याच्या मेंदूतील सुखाचे केंद्र जागे होते. नुसत्या सुरास तो फसत नाही. हा दाखला वाचल्यावर मला जरा ओशाळल्यासारखे झाले, कारण नुसत्या सुरास फसणारे श्रोते मी कविसंमेलनांत पुष्कळ पाहिले आहेत, आणि चहाच्या कपांची किणकिण होताच मंडपाच्या दाराकडे वळणारे त्याहून पुष्कळ.

आपल्या परंपरेने पशूंस वाचा उदारहस्ते दिली, श्रवण मात्र दिले नाही. येथून गोदावरीच्या काठाने वर पैठणास गेले, की ज्ञानेश्वरांनी रेड्याकडून वेद म्हणविल्याची कथा भेटते. रेड्याने ते ऐकले काय, हे कोणी विचारीत नाही. नामदेव तुपाची वाटी घेऊन भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे धावले, आणि त्या कुत्र्यास कविश्रेष्ठाच्या मुखातले आर्जव नव्हे, पाठीवर येणारी पावले तेवढी ऐकू आली. दत्ताच्या तसबिरीतील चार श्वान हे तर साक्षात चार वेद मानले जातात. त्यांनी आणखी काय ऐकावे!

माझी तक्रार कुत्र्याविरुद्ध नाही. कविता आणि रोजचा आवाज यांची आपण जी फारकत करून घेतली, तिच्याविरुद्ध आहे. जात्यावरची ओवी ही कविताही होती आणि पीठ पडू लागल्याची वर्दीही होती. पहाटे ती सुरू झाली म्हणजे घरातल्या माणसांप्रमाणे दारच्या कुत्र्यासही दिवस उजाडल्याचे कळत असले पाहिजे. वासुदेवाच्या चिपळ्या, मोटेवरची गाणी, कापणीच्या वेळची भलरी, ही सर्व कामाच्या मुलखातील प्रजा होती. पिठाची गिरणी आली, मोटेच्या जागी पंप आला, आणि कविता हळूहळू सतरंजीवर, व्यासपीठावर, छापील पानावर जाऊन बसली. तिथे तिला आदर मिळाला. परंतु ती ऐकली नाही तर ज्याची भाकरी बुडेल असा श्रोता तिला उरला नाही. ज्या मनाच्या श्लोकांस माझ्या ओसरीवरचा कुत्रा दाद देत नाही, ते श्लोक, परंपरेचे म्हणणे खरे मानल्यास, रामदासी शिष्यांनी भिक्षेच्या झोळीसह दारोदार म्हणावयाचे होते. म्हणजे त्यांचे पहिले श्रोते गावोगावचे कुत्रे असणार, आणि त्यांनी त्या श्लोकांची दखल भुंकून, जरूर तर पोटरी धरून, घेतली असणार. परका मनुष्य उंबऱ्याशी येऊन मोठ्याने काही म्हणतो आहे, ही दखलपात्र बाब होतीच. मी मात्र माझ्याच ओसरीवर बसून, पोट भरण्याची खात्री असताना, कोणाकडे काहीही न मागता तेच शब्द म्हणतो. कुत्र्याने कशासाठी उठावे?

समर्थांनी दासबोधात नवविधा भक्तीचा आरंभ श्रवणापासून केला आहे. त्या समासाचे वाचन करताना हल्ली मला या तांबूस प्राण्याची आठवण होते, कारण एका गोष्टीत त्याचे श्रवण माझ्यापेक्षा निःसंशय पक्के आहे. यंदाच्या हंगामात रस्त्याने बैलगाडी जाऊ लागली, की घुंगरांचा आवाज माझ्या कानी येण्यापूर्वीच तो उठतो, फाटकाशी जातो, गाडी समोर येईतो थांबतो, बैलांचा आणि गाडीवानाचा वास घेतो, आणि परत येऊन जागेवर पडतो. काल रात्री कारखान्याकडे गेलेल्या अकरा गाड्या मी मोजल्या. तो अकरा वेळा उठला.