बुडत्या पेढीतील पैसा कोणाचा?

गेल्या पौष वद्य एकादशीच्या यात्रेस आम्ही नाशिकहून त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथांच्या दर्शनास पायी निघालो होतो. त्र्यंबक रस्त्याने जाताना सातपूरची कारखान्यांची वसाहत लागते. तेथे एक माळकरी गृहस्थ दरवर्षी दिंडीला चहा देतात. यंदा चहा पाजून झाल्यावर ते आमच्याबरोबर चालू लागले आणि हळूच म्हणाले, "बुवा, एक विचारायचं आहे. कीर्तनात विचारता येत नाही असं आहे."

त्यांची लोखंडी सुटे भाग करण्याची लहानशी कंपनी आहे, 'प्रायव्हेट लिमिटेड'. संचालक दोघेच, ते आणि त्यांची पत्नी. मोठे गिऱ्हाईक तुटले. मालमत्ता विकून पन्नास लाख येतील, आणि देणी ऐंशी लाखांची. त्यांत बँक आहे, पत्रा देणारा व्यापारी आहे, शेजारच्या गाळ्यातला प्लेटिंगवाला आहे, बारा कामगार आहेत, आणि मेव्हण्याचे हातउसने आहे. हाताशी रोख आठ लाख. "मेव्हण्याचं आधी देऊन टाकू का? की बँकेत भरू? बँकेला माझी स्वतःची हमी आहे. का पत्रा आणखी उधार आणून एक डाव खेळून पाहू? विठोबा काही वाईट करणार नाही."

प्रश्न एकाचा, पण आज अनेकांचा आहे. वारकरी म्हणजे केवळ शेतकरी हे चित्र आता राहिले नाही. दिंडीत गाळेवाले आहेत, ठेकेदार आहेत, कंपन्यांचे संचालकही आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम हे पाहू की तो पैसा कोणाचा. धंदा धडधाकट असतो तेव्हा देणेदारांचे देऊन जे उरते ते मालकाचे. मालकाने नफ्यासाठी धाडस केले तर बुडेल ते त्याचे बुडेल. पण देणी ऐंशी आणि मालमत्ता पन्नास झाली की मालकाचे आत काही उरतच नाही. उरले आहे ते सारे ज्यांचे येणे आहे त्यांचे. आता आठ लाखांचा डाव खेळला आणि जिंकला, तर कंपनी मालकाची वाचली. हरला, तर पत्रावाल्याचे नि कामगारांचे आठ लाख गेले. दुसऱ्याच्या पैशावर स्वतःचे दान टाकणे याला धाडस कसे म्हणावे? अशा वेळी संचालक हा मालक राहत नाही, तो राखणदार होतो. राखणदाराने ठेव खर्च केली तर त्याला काय म्हणतात, हे लहान मुलालाही ठाऊक आहे.

कायदाही हेच सांगतो. आपल्याकडे 2016 साली नादारी व दिवाळखोरीची संहिता झाली. तिच्या 66 व्या कलमात असे आहे की, कंपनी आता वाचण्याची वाजवी आशा नाही हे ज्या संचालकाला कळले, किंवा कळायला हवे होते, त्याने देणेदारांचे नुकसान कमीत कमी व्हावे म्हणून योग्य ती दक्षता घेतली नाही, तर न्यायाधिकरण त्याला स्वतःच्या खिशातून भरणा करण्यास सांगू शकते. 43 व्या कलमाप्रमाणे एखाद्या देणेदाराला इतरांच्या पुढे काढून दिलेले पैसे परत आणता येतात. परका असेल तर मागील एक वर्षापर्यंतचे, नातेवाईक वा संबंधित असेल तर दोन वर्षांपर्यंतचे. मेव्हण्याचा प्रश्न येथेच सुटला.

बँकेचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण बँकेचे देणे खरेच आहे. इंग्लंडात वेस्ट मर्सिया नावाच्या कंपनीचा खटला झाला. डॉड नावाचा संचालक दोन कंपन्यांचा कारभार पाहत होता. एक बुडत असताना त्याने तिच्यातील 4,000 पौंड दुसरीच्या बँकखात्यात वळविले, आणि त्या खात्याला त्याची स्वतःची हमी होती. कंपनीचे देणे फेडले असे वरवर दिसत होते, पण खरे पाहता त्याने आपली मान सोडवून घेतली. न्यायालयाने ती रक्कम त्याला भरावयास लावली. आपल्या गृहस्थांनी बँकेत आठ लाख भरताना मनाला एकच विचारावे: हमी नसती, तर मी आधी येथेच भरले असते काय?

ही संकटे दूरची नव्हेत. विजेच्या तारांचे मनोरे बनविणारी ज्योती स्ट्रक्चर्स ही कंपनी, जिचा कारखाना याच सातपुरात, 2017 साली रिझर्व्ह बँकेने नादारीच्या कारवाईसाठी निवडलेल्या पहिल्या बारा मोठ्या खात्यांत होती. मोठ्या कंपनीच्या मागे बँका, वकील, न्यायाधिकरण सारे उभे राहते. लहान धनकोच्या मागे कोण? मार्च 2020 पासून एक कोटीहून कमी येणे असलेल्याला या संहितेखाली कंपनीला न्यायाधिकरणापुढे नेता येत नाही. प्लेटिंगवाल्याचे दोन लाख अडकले तर त्याने जावे कोठे? जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे धर्माचा हात पोहोचला पाहिजे, नाही तर माळ कशासाठी घातली?

येथे कोणी म्हणेल, "अहो, तुकोबारायांनी तर खतपत्रे इंद्रायणीत बुडविली! संतांनीच देणेघेणे मिटविले." हा दाखला आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे, आणि दर वेळी तो उलटा लावलेला ऐकला आहे. तुकोबांनी बुडविली ती लोकांकडून येणे असलेली खते, स्वतः देणे असलेली नव्हेत. आणि परंपरा सांगते की सगळीही नव्हेत. निम्मी धाकटे बंधू कान्होबांच्या वाट्याची म्हणून त्यांच्या हाती दिली, आणि आपली निम्मी तेवढी बुडविली. भावाचे येणे माफ करण्याचा अधिकार आपला नाही, इतका बारीक विवेक त्या वैराग्यात होता. आपले असेल ते सोडावे, दुसऱ्याचे असेल ते राखावे. ऋणकोने स्वतःचेच ऋण स्वतःला माफ करणे हा इंद्रायणीचा धडा नव्हे.

दुसरा दाखला दामाजीपंतांचा. दुष्काळात त्यांनी बादशहाचे कोठार भुकेल्यांना लुटविले. ते धान्य तरी त्यांचे कोठे होते? शंका खरी आहे. पण दामाजींनी एक दाणा स्वतःच्या घरी नेला नाही, केले ते लपविले नाही, आणि शिक्षेस ते तयार होते. शिवाय कथेचा शेवट पाहा. पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला तो धान्याची किंमत भरण्यासाठी! देवानेही देणे बुडविले नाही, चुकते करून पावती घेतली. संचालकाने मेव्हण्याला चोरून दिलेल्या पैशाची तुलना या कथेशी होऊ शकत नाही.

मग धंद्यात जरा मंदी आली की लगेच कुलूप लावावे काय? मुळीच नाही. धोका प्रत्येक धंद्यात असतो. 2022 साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सिक्वाना कंपनीच्या प्रकरणात हाच भेद केला: पुढे केव्हा तरी बुडण्याचा नुसता धोका असल्याने हे कर्तव्य सुरू होत नाही, नादारी अगदी समोर आली किंवा बहुधा येणारच असे झाले म्हणजे होते. आणि प्रामाणिकपणे बुडणे हे पाप नव्हे. दुष्काळात खुद्द तुकोबांचे दिवाळे निघाले होते. प्रश्न बुडण्याचा नाही, बुडताना कोणाच्या खांद्यावर पाय दिला याचा आहे.

आम्ही त्या गृहस्थांना सांगितले ते असे. परत देता येणार नाही हे ठाऊक असता नवा माल उधार आणू नका. ती उधारी नव्हे, फसवणूक आहे. कामगारांच्या पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी कंपनीचा नव्हेच, तो आधी जागच्या जागी भरा. वह्या पुऱ्या करा, जाणत्या हिशेबनिसाला दाखवा. आणि सर्व देणेदारांना एकाच दिवशी एकत्र बोलावून खरा आकडा सांगा.

ते म्हणाले, "पण कायद्यानं माझं घर सुटतं ना?" हमीपुरते बँकेचे सोडले तर सुटते. 'लिमिटेड' या शब्दाचा अर्थच तो, आणि बँकेने किंवा मोठ्या व्यापाऱ्याने तो जाणूनच पैसे दिले. पण आम्ही विचारले, "प्लेटिंगवाल्यानं कंपनीची कागदपत्रं पाहिली होती का?" ते बराच वेळ गप्प चालले. मग म्हणाले, "नाही. गळ्यातली माळ पाहिली होती."

तर त्याचे देणे कंपनी मिटली तरी मिटत नाही, असे आमचे नम्र मत आहे. कायद्याने नव्हे, माळेने ते बांधलेले आहे. जसे जमेल तसे, वर्षे लागली तरी, फेडावे.

माघ महिन्यात त्यांचा निरोप आला. सर्वांना गाळ्यात बोलावले होते. पत्रावाला रागाने बोलून गेला. मेव्हण्याने बोलणे टाकले आहे. प्लेटिंगवाल्याने मात्र वही पाहून मुदत दिली. कंपनी राहील की जाईल, हे अजून ठरलेले नाही. "पण बुवा," त्यांनी कळविले, "रात्री हरिपाठ म्हणताना आता जीभ अडखळत नाही."

रामकृष्णहरि.