अळीचा हिस्सा

आमच्या अंगणातला डांगराचा वेल पत्र्यावर चढला, पिवळीधमक फुलं आली. पण बोराएवढी कोवळी फळं गळू लागली. अम्मी म्हणाल्या, "पाणी कमी पडतंय." पाणी कमी होतंच. धाराशिवात नळाची वाट पाहणं नवं नाही, वेलाला वजूचं सांडलेलं पाणीच मिळे. कारण मात्र वेगळं होतं. डांगराची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. ती पहाटे उमलतात नि दुपारच्या आत मिटतात. तेवढ्यात कुणी पराग पोहोचवला नाही तर फळ धरत नाही. काही दिवस आम्हीच नरफूल तोडून मादीफुलावर टेकवत राहिलो. माशीचं काम माणसानं करायचं, याची थोडी लाजही वाटली.

मग सब्जाचे तुरे खुडणं थांबवलं, बडीशेप फुलू दिली. मातीच्या ताटलीत खडे घालून पाणी ठेवलं. खडे नसले की माशा बुडतात. उन्हाळ्यात त्या पोळं थंड ठेवायलाही पाणी नेतात. टँकरच्या दिवसांत शेजारणीनं विचारलं, "माणसाला पाणी नाही, अन् माशीला?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही ताटली उचलली नाही, इतकंच.

माशा आल्या. फुलोरी माशीनं लिंबाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं धरलं. आम्ही यजमानासारखे मिरवू लागलो. खरं तर कुरआनातली सोळावी सूरह मधमाशीच्याच नावाची आहे. डोंगरांत, झाडांवर आणि माणसं उभारतात त्यात घर करण्याची आज्ञा तिला तिथं आहे. म्हणजे आमच्या अंगणातला तिचा हक्क आमच्या निमंत्रणाच्या आधीचा.

पण त्याच झाडावर अळ्याही निघाल्या. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, मोठ्या झाल्यावर हिरव्यागार. डिवचलं की नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडणाऱ्या. कोवळी पालवी दोन दिवसांत फस्त. फवारणी केली तर पोळंही मेलं असतं. राहिलं हातानं वेचणं. घरातल्या धाकट्यानं पहिली अळी चपलेखाली चिरडली. ठिपक्याठिपक्यांचं काळंपिवळं फुलपाखरू आलं की टाळ्या पिटणारा हाच. हेच त्याचं पिल्लू, असं सांगितल्यावर तो गप्प झाला. आम्हीही.

आम्ही कीटकांना बोलावलं होतं की फक्त त्यांच्या कामाला? लावलेल्या झाडाचं माणसानं, पाखरानं, जनावरानं जे खाल्लं ते लावणाऱ्याच्या नावे सदका, असं हदीसमध्ये आहे. आम्ही ते मशिदीत अनेकदा ऐकलं आहे, मान डोलावली आहे. पाखरू म्हणताना डोळ्यांसमोर बुलबुल यायचा, अळी कधी आली नाही. दान देताना घेणारा आपणच निवडायचा, ही आमची जुनी खोड असावी.

अम्मींनी तोडगा काढला: कढीपत्ता अळ्यांचा, लिंबू आपलं. अळ्या कढीपत्त्यावरही वाढतात, म्हणून त्या अलगद उचलून तिकडे सोडल्या. फुलपाखरांना हा करार कुणी वाचून दाखवला नाही. ती लिंबावर अंडी घालतच राहिली. यंदा अर्धी लिंबं बाजारातून आणून लोणचं घातलं.