संकेतभंगाची वहिवाट

इंग्लंडमधील माध्यम-अभ्यासाच्या एका परीक्षेत विद्यार्थ्यांकडून काही वर्षे एका काल्पनिक संगीत-मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि लेखाची समोरासमोरची दोन पाने करून घेतली जात, आणि त्यानंतर त्यांना विचारले जाई की, प्रचलित मासिकांचे संकेत तुम्ही कोठे वापरले, कोठे पुढे नेले आणि कोठे झुगारले. प्रश्न निर्मळ हेतूने विचारलेला असेल. पण अशा प्रश्नाचे उत्तर जमाखर्चाच्या वहीसारखेच लिहिले जाते, एका बाजूस ‘पाळले’ आणि दुसऱ्या बाजूस ‘मोडले’. ही वही आता आपल्याकडील उपयोजित कलेच्या वर्गांतही उघडलेली दिसते: मथळा तिरका केला, अक्षरे पानाच्या कडेबाहेर ढकलली की ‘मोडले’ची बाजू भरली, आणि ती भरली की प्रतिभा शाबीत झाली. संकेतभंग ही स्वतःच एक वहिवाट होऊन बसली आहे, आणि इतर वहिवाटींहून ती अधिक निर्बुद्ध आहे. कारण आपण कोणाची वाट मोडतो आहोत, याची चौकशी करण्याची तिला गरजच वाटत नाही.

संगीत-मासिकांच्या आरंभीच्या इतिहासाविषयी वाद नाही. १९२६ चा ‘मेलडी मेकर’, १९३४ चा ‘डाउन बीट’, आणि १९५२ मध्ये खपाच्या क्रमाने गाण्यांची यादी छापण्याचा पायंडा ब्रिटनमध्ये पाडणारा ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ ही नावे सर्वांना परिचित आहेत. ठळक शीर्षनाम, वाचकाकडे रोखून पाहणारा गायक आणि त्याच्या भोवती मांडलेले मथळे हा परिपाठ याच परंपरेत हळूहळू स्थिरावला.

यानंतरचा टप्पा इतका प्रसिद्ध आहे की तो नीट कोणी वाचीतच नाही. ९ नोव्हेंबर १९६७ ही तारीख मिरविणारा ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक ज्या सॅन फ्रान्सिस्कोत निघाला, तेथील तरुणांच्या दृश्यकलेत बंड हाच शिष्टाचार झालेला होता. वेस विल्सनच्या भित्तिपत्रकांवरील अक्षरे वितळून एकमेकांत शिरत, आणि त्यांचे वळणही व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरने विसाव्या शतकाच्या प्रारंभी रेखिलेल्या अक्षरांवरून घेतलेले होते. ‘ओरॅकल’ हे पत्र तर यंत्राच्या एकाच शाईपात्रात अनेक रंग सोडून पानभर इंद्रधनुष्य उतरवीत असे. अशा गावात एकवीस वर्षांच्या यान वेनरने आणि वर्तमानपत्रांतून जाझवर लिहून मुरलेल्या पन्नाशीच्या राल्फ ग्लीसनने जे पत्र काढले, त्याचा कागद वर्तमानपत्री होता, स्तंभ सरळ होते, टंक सोज्वळ होता, आणि पानांभोवती एक जाड व एक बारीक अशी दुहेरी रेघ होती, जिला मुद्रक ‘ऑक्सफर्ड रूल’ म्हणतात. वेनर पूर्वी ज्या ‘संडे रॅम्पार्ट्स’मध्ये नोकरीस होता, त्या बंद पडलेल्या पत्राकडून ही मांडणी बव्हंशी उचललेली होती.

याचा रूढ अर्थ असा लावतात की, पैसा नव्हता, तयार साचा हाताशी होता, तो वापरला. बंड काय ते मजकुरात झाले आणि मांडणी बिचारी जुनीच राहिली. यातील पैशाची गोष्ट खरी आहे, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. काटकसर साचा मिळवून देते. तो त्या मजकुराला इतका चपखल का बसला, याचा जबाब तिच्यापाशी नाही.

तो जबाब पहिल्या अंकाच्या पहिल्याच पानावर आहे. तेथे ‘हाउ आय वन द वॉर’ या चित्रपटातील सैनिकी शिरस्त्राण घातलेला जॉन लेनन आहे. त्याच पानावर टॉम राउंड्सने नभोवाणी-केंद्र सोडल्याची बातमी आहे, आणि मॉन्टेरे येथील संगीत-महोत्सवाचा पैसा गेला कोठे, असा रोखठोक सवाल करणारा मायकेल लिडनचा वृत्तान्त आहे. प्रेमाच्या नावाने गाजलेल्या उत्सवाचा ताळेबंद मागणारा हा मजकूर ‘ओरॅकल’च्या रंगप्रवाहात छापला असता, तर तो उत्सवाचाच एक भाग होऊन विरून गेला असता. दुहेरी रेघेच्या आत येताच त्याला दस्तऐवजाची प्रतिष्ठा आली. रॉक संगीत ही बातमी आहे, तिची चौकशी व्हावी आणि तिच्या कर्त्यांनी हिशेब द्यावा, हा त्या काळी धाडसी वाटणारा दावा त्या रेघेने केला.

आणि या शिस्तबद्ध पानाच्या माथ्यावर भित्तिपत्रकांचा चित्रकार रिक ग्रिफिन याने रेखिलेले वळणदार नाव होते. आता हे पान वहीच्या कोणत्या बाजूस मांडावे? वर्तमानपत्राच्या दृष्टीने ती रेघ म्हणजे निव्वळ आज्ञापालन. त्या गावाच्या, त्या पिढीच्या दृष्टीने तीच रेघ म्हणजे उघड अवज्ञा. उसनी आणलेली ती चौकट पुढे पत्राचीच ओळख ठरली, इतकी की १९८७ मध्ये कलादिग्दर्शक होऊन आलेल्या फ्रेड वुडवर्डने ती घराण्याची खूण म्हणून मिरविली.

पुढची उदाहरणे या प्रकाशात सोपी होतात. १९७६ मध्ये मार्क पेरी या बँकेतील कारकुनाने टंकलेखन-यंत्रावर ‘स्निफिन ग्लू’ हे पंक संगीताचे पत्र काढले, तेव्हा त्यातील खाडाखोड हा साधनांचा तुटवडा होता. तिची शैली अनुकरण करणाऱ्यांनी केली. ‘द फेस’ या मासिकात मांडणीकार नेव्हिल ब्रॉडीने १९८४ च्या सुमारास अनुक्रमणिकेचे शीर्षक अंकागणिक थोडे थोडे विस्कटीत नेले, ते शेवटी केवळ खुणा उरेपर्यंत, तरीही वाचकाचे अडले नाही, कारण ते पान कोठे असते हे त्याच्या बोटांना ठाऊक होते.

राहता राहिला मांडणीकार डेव्हिड कार्सन, ज्याच्या नावाने आज सर्व बेशिस्त खपविली जाते. १९९४ मध्ये ‘रे गन’ मासिकात ब्रायन फेरीची मुलाखत त्याला कंटाळवाणी वाटली म्हणून त्याने ती केवळ चिन्हांच्या टंकात छापली, ही आख्यायिका प्रत्येकास पाठ असते. त्याच अंकाच्या अखेरीस ती मुलाखत वाचता येईल अशा अक्षरांत दिली होती, हा तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. ज्याला संहारक म्हणून पुजतात, त्याच्या अंकातही वाचकाच्या हक्काची तजवीज होती.

सवय स्वतः लावलेली असो वा दुसऱ्याच्या दप्तरातून उसनी आणलेली असो, ती वाचकाच्या ठायी असल्याखेरीज तिच्या भंगाला अर्थ येत नाही. ब्रॉडीला ती अंकामागून अंक काढून मिळाली, वेनरला ती वर्तमानपत्रांनी फुकट दिली. म्हणून नवे संगीत-मासिक काढू पाहणाऱ्याने, उसने घेण्याजोगे काही हाती नसेल, तर पहिले सहा अंक मुकाट्याने एका शिस्तीत काढावेत; सातव्यात काय मोडावयाचे, ते त्याला त्याचे वाचकच दाखवून देतील.