तांब्या

पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत एक काकू राहायच्या. गेलेलं माणूस घरात असलं तर त्यांना कळतं, असं सगळे म्हणत. आजोबांच्या तेरवीनंतर त्या आजीला म्हणाल्या, “आबाजी ओसरीतच बसून राहते. तहान लागली दिसते त्यायले.” त्या रात्रीपासून आजी ओसरीत पाण्याचा तांब्या ठेवू लागली.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. दावा आला की टेस्ट केस लिहायची, हे डोक्यात नवीनच बसलेलं. आजोबा मला एकट्यात एका वेगळ्या नावानं हाक मारायचे. ते नाव सांगा, असं मी काकूंना सगळ्यांदेखत म्हटलं. त्या म्हणाल्या, “ते बोलत नाही बापा. निस्ते बसते.” मी आजीकडे विजयानं पाहिलं. त्या रात्री तिनं तांब्या ठेवला नाही आणि पुन्हा कधीच ठेवला नाही. मी बरोबर होतो, असं आजही मला वाटतं. तरी तो तांब्या डोक्यातून जात नाही.

पुढे नागपूरच्या ‘शारदा’ प्रकरणाबद्दल वाचलं. इथून जेमतेम पंचाहत्तर किलोमीटरवरची गोष्ट. 1974 साली एक मराठी प्राध्यापिका अचानक बंगाली बोलू लागली. आपण शारदा, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली बंगाली स्त्री, साप चावल्याचं आठवतं, असं ती सांगे. या अवस्था कधी काही दिवस, कधी काही आठवडे टिकत. इयन स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी तिचा अभ्यास केला. तिनं सांगितलेली घरच्या पुरुषांची नावं बंगालमधल्या एका वंशावळीशी जुळली. शारदाचं नाव मात्र तिथे नव्हतं, कारण वंशावळीत फक्त पुरुषच लिहिलेले. उलट बाजूही आहे. या बाईंनी शाळेत थोडं बंगाली शिकलं होतं आणि बंगालची ओढ त्यांना आधीपासून होती. भाषाशास्त्रज्ञ सारा थॉमसन यांनी स्टीव्हन्सन यांच्या अशा दाव्यांवर कठोर आक्षेप घेतले.

मला पुनर्जन्म पटत नाही. पण वाचताना मी दुसरीकडेच अडकलो. खरं की खोटं, या वादात सगळ्यांचं लक्ष शारदाकडे होतं. ज्या बाईच्या आयुष्यातले आठवडे असे निघून जात होते, जिला नंतर त्यातलं काही आठवत नसे, तिचं काय? मेलेलीची उलटतपासणी करताना जिवंत बाई पुराव्याचं कपाट झाली.

भोंदूगिरीला सूट द्यावी, असं मी म्हणत नाही. भीती घालून पैसे उकळणाऱ्यांसाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो हवाच. दाव्याची तपासणीही हवी. पण काकूंनी कधी रुपया घेतला नाही, कुणाला घाबरवलं नाही, कुणाचं औषध बंद केलं नाही. त्यांच्या दाव्यानं मागितलं ते तांब्याभर पाणी. अशा वेळी खोटं पकडण्याआधी आपण त्या माणसाचं काही देणं लागतो का? लागतो, असं मला वाटतं. निदान एक प्रश्न तरी.

तो मी फार उशिरा विचारला. नोकरी लागल्यावर दिवाळीला घरी आलो होतो. काकू दारात वाती वळत होत्या. त्यांचा मुलगा लहानपणीच गेलेला, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी विचारलं, “काकू, तुमचं कोणी येतं का हो?”

त्यांचा हात थांबला. “नाही येत,” म्हणाल्या. “वाट पाह्यतो मी. दुसऱ्यायचेच येते.”

मग मला बसायला सांगून त्या पाणी आणायला आत गेल्या.