तत्त्वाची फी

माझी मुलगी पुरती सहा वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा तिला पहिली मागणी आली. वाचकांनी दचकू नये. मागणी घालायला आलेले गृहस्थ आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी होते आणि त्यांना सून नको होती; पटावर एक नाव हवे होते. २०१७ सालचा मे महिना. भर दुपारी गुरुजी ओट्यावर टेकले, तांब्याभर पाणी प्याले आणि संकोचाने म्हणाले, "सर, तुमची मुलगी आम्हाला द्या. पट फार खाली आलाय. आणखी चार पोरं गेली, तर एक शिक्षक कमी होईल. तुमच्यासारख्यानं मुलगी घातली, की मागोमाग चार घरं येतील."

दुसरे स्थळ त्याच आठवड्यात आले. ते श्रीमंत होते. तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस आमच्या दाराशी थांबू शकेल, असे तिथल्या बाईंनी फोनवर सांगितले. गणवेश, बूट, टाय, संगणकाची खोली अशी सगळी यादी त्यांनी वाचून दाखवली आणि फीचा आकडा, मुलाच्या बापाने हुंड्याचा सांगावा तसा, अगदी शेवटी आणि हळू आवाजात सांगितला.

तिसरे स्थळ घरातच होते. ते म्हणजे मी. मी चित्रकलेचा मास्तर. माझे शिक्षण दहावीपर्यंत, आमच्या आजोबांच्या भाषेत मॅट्रिक. त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. पण दोन कादंबऱ्या नावावर असल्या, की माणसाला आपण काहीही शिकवू शकतो असे वाटू लागते. मुलीला शाळेतच घालू नये, घरी अंगणात, शेतात, पुस्तकांत वाढवावे, पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवावे, असे मनोराज्य मी कितीतरी रात्री रचले होते.

एका रात्री जेवणानंतर मी हा विषय पत्नीपुढे काढला. ती पतसंस्थेत कारकून आहे, हिशेबाची पक्की. मी तास-अर्धा तास बोललो. सार्वजनिक शाळा जगल्या पाहिजेत, मातृभाषेतून शिकले पाहिजे, शिक्षण हा बाजार नव्हे, हे सारे बोललो. तिने भांडी आवरता आवरता ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "अहो, तत्त्व तुमचं आहे, ते चांगलंही आहे. पण त्याची फी आपल्या मुलीनं का भरायची?"

मी उत्तर दिले नाही, कारण मला ते येत नव्हते. त्या एका प्रश्नाभोवती मी गेली आठ वर्षे फिरतो आहे.

इंग्रजी शाळेकडे धावणाऱ्या आईबापांची थट्टा करणे हा आम्हा मराठी लेखकांचा जुना छंद. व्यासपीठावरून ती थट्टा करणाऱ्यांची मुले आणि नातवंडे कुठे शिकतात, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आमच्या गावात टेम्पो चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. मुलाच्या फीसाठी तो रात्रीच्या खेपा करतो. तो टायसाठी पैसे देत नाही. जिथे आपण अडखळून पडलो, तिथे पोराने पडू नये, यासाठी देतो. मलाही हे ठाऊक आहे. वडिलांना शहरातल्या इस्पितळात नेले, तेव्हा पुढे केलेला इंग्रजी फॉर्म मला नीट समजला नाही. शेजारच्या बाकावरच्या एका कॉलेजच्या पोराकडून तो मी भरून घेतला. दोन कादंबऱ्यांचा लेखक, आणि बापाचा रोग कोणत्या रकान्यात लिहायचा ते कळत नव्हते! ज्याला ही लाज माहीत आहे, त्याने खासगी शाळेच्या दारातल्या रांगेला हसू नये.

मग घरच्या शाळेचे काय? जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाला त्याच्या बापाने घरीच शिकवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. इतर मुलांच्या संगतीपासून त्याला जपून दूर ठेवले होते. मुलगा विद्वान झाला, आणि १८२६ मध्ये, विसाव्या वर्षी, आपल्याला कशाचाच आनंद वाटत नाही असे त्याच्या ध्यानात आले. पुढे तो सावरला, मोठाही झाला. पण आपल्या घडणीची ही हकीकत त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे आणि ती वाचताना बाप म्हणून मला भीती वाटते. घरच्या शाळेत मास्तर बदलत नाही, हा तिचा मोठा दोष. शाळेत एका गुरुजींवर रुसलेले पोर दुसऱ्या बाईंच्या तासाला फुलते. घरी ते रुसले, तर जाणार कुठे?

तरीही घरच्या शाळेचा सर्वांत विचार करायला लावणारा दाखला मिलचा नव्हे, गांधीजींचा आहे. १८९७ च्या जानेवारीत ते दोन मुलगे आणि एक भाचा यांना घेऊन डर्बानला उतरले, तेव्हा मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न दत्त म्हणून उभा राहिला. गोऱ्यांच्या शाळांत आपल्या मुलांना मेहरबानी म्हणून प्रवेश मिळाला असता, असे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहिले आहे. पण इतर हिंदी मुलांना तिथे दार बंद होते. जे सर्वांच्या मुलांना मिळत नाही, ते माझ्या मुलांना अपवाद म्हणून नको, असे म्हणून त्यांनी मुलांना घरी शिकवायला घेतले. केवढा मोठा विचार! पण शिकवायला वेळ कुठे होता? वकिली होती, लोकांची गाऱ्हाणी होती. आपण मुलांना पुरेसा वेळ देऊ शकलो नाही, हेही त्यांनी कबूल केले आहे. थोरल्या हरिलालच्या मनात ही उणीव सलत राहिली. विलायतेत शिकण्यासाठी एका स्नेह्याने शिष्यवृत्ती देऊ केली, तीही गांधीजींनी आपल्या मुलाला न देता इतरांना दिली. १९११ मध्ये हरिलाल बापापासून दूर झाला आणि अहमदाबादेस जाऊन मॅट्रिकच्या मागे लागला. ती परीक्षा त्याला शेवटपर्यंत साधली नाही.

गांधीजींचा न्याय चुकला असे म्हणायची माझी छाती नाही. अपवाद म्हणून मिळणारी सवलत नाकारणे योग्यच होते. पण त्या नकाराची किंमत बापाने थोडी आणि मुलाने पुष्कळ भरली. माझ्या पत्नीने गांधीजींची आत्मकथा वाचलेली नाही. तिचा प्रश्न मात्र हरिलालचाच होता.

आता गुरुजींचे स्थळ. ही शाळा गरिबाघरची म्हणून आपण तिच्याकडे पाहतो. पण ती आपल्या दारी आली कशी, हे आठवावे. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव म्हणाले, की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामाचा आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तसे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचा कायदा केला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. सबंध देशाला हा हक्क कायद्याने मिळायला २०१० सालचा एप्रिल उजाडला. त्या काळी शाळेत येण्यासाठी दंड करावा लागत होता. आज गुरुजींना उन्हातून दारोदार फिरून मुले मागावी लागतात. मधल्या शंभर वर्षांत काय झाले? मला दिसते ते असे : ज्यांना निवडता येते, ते एकेक करून निघून गेले. निघून जाणाऱ्यांत वाईट कोणीच नव्हते. प्रत्येकाने आपल्या मुलाचे भलेच पाहिले. मागे उरली ती ज्यांना निवडता येत नाही त्यांची मुले. नळ गळू लागला, तर त्यासाठी पंचायतीत जाऊन भांडणाराही उरला नाही.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशाला आदेश दिला, की सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावी. बातमी वाचून मी टाळी दिली होती. दोन वर्षांनी गुरुजी माझ्याच ओट्यावर येऊन बसले, तेव्हा ती टाळी मला आठवली.

शेवटी आम्ही मुलीला गुरुजींच्या शाळेत घातले. पण पत्नीने दोन अटी घातल्या, आणि तिच्या अटी माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा शहाण्या होत्या. पहिली अशी, की रोज संध्याकाळी सात ते आठ मी घरात बसायचे. मुलीबरोबर इंग्रजी वाचायचे आणि मला येत नसेल तर मीही शिकायचे. दुसरी अशी, की मी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर जायचे आणि नुसते नाव लावून गप्प बसायचे नाही. "फी दोघांनी भरू," ती म्हणाली, "पोरीच्या वाट्याला कमी येईल असं बघू." तिसरी कादंबरी त्या सात ते आठमध्ये बुडाली ती बुडालीच. वाचकांचे त्यात फारसे नुकसान झाले नसावे.

आमचा पट्टा साखर कारखान्यांचा. दिवाळी सरली, की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि त्यांच्याबरोबर पोरे येतात. मुलगी दुसरीत असताना तशी एक मुलगी तिच्या शेजारी बसू लागली. एके दिवशी माझ्या लेकीने घराचे चित्र काढले. मी वीस वर्षे 'माझे घर' हा विषय देत आलो आहे. दोन डोंगर, मधून सूर्य, उतरते छप्पर आणि कोकणातसुद्धा नसलेले धुराडे हे मला पाठ आहे. हिच्या कागदावर पालथ्या टोपलीसारखे काही होते.

"हे काय गं?"

"कोपी. तिचं घर."

"मग दार कुठंय?"

"दार नसतं, बाबा. पोतं असतं."

उसाच्या फडाशेजारच्या त्या कोप्या मी जन्मभर रस्त्यावरून पाहत आलो. त्यांना दार नसते, हे मला माहीत नव्हते.

ती मुलगी काही माझ्या लेकीवर संस्कार करण्यासाठी बीडहून आली नव्हती. एप्रिलमध्ये टोळी गेली, पुढच्या हंगामाला ती आली नाही, आणि ती कुठे असेल या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण ती आली तेव्हा शाळा उघडी होती, दुसरे गुरुजी अजून बदलून गेले नव्हते, आणि ते राहिले त्या पटात एक नाव आमचे होते. शाळा निवडताना आपण फक्त आपल्या मुलासाठी निवडत नाही. नकळत इतरांच्या मुलांचीही शाळा ठेवतो किंवा मोडतो. हे कळायला मला त्या पोत्याच्या दाराशी जावे लागले.

हे गोड गोड झाले. आता कडू सांगतो. गेल्या वर्षी आठवीत असताना मुलगी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला गेली. परीक्षकांनी इंग्रजीत विचारले. उत्तर तिला येत होते, वाक्य येत नव्हते. ती गप्प उभी राहिली. घरी आल्यावर ती रडली नाही, मला म्हणाली, "बाबा, मला कुठल्या शाळेत घालायचं, ते ठरवताना मला कुणी विचारलं होतं?"

"नव्हतं विचारलं," मी म्हणालो. सहा वर्षांच्या मुलीला काय विचारायचे, असे म्हणता आले असते. पण ते खरे उत्तर झाले नसते. पत्नी शेजारीच होती. 'मी सांगत होते' हे तीन शब्द तिने उच्चारले नाहीत, हे तिचे माझ्यावरचे मोठे उपकार. म्हणजे फीचा काही भाग मुलीने भरलाच. सगळी फी आपल्याच खिशातून भरता येईल अशी निवड जगात नसावी. पण मुलाच्या वाट्याला किती येते, ते डोळे उघडे ठेवून मोजणे आणि आपला वाटा न चुकवणे एवढे बापाच्या हाती असते. पिवळ्या बसमध्ये मूल बसवणाऱ्यालाही हे लागू आहे. तो गावातल्या शाळेला पाठ दाखवून गेला, म्हणून तिचे देणे फिटले असे होत नाही.

परवा टेम्पोवाला विद्यार्थी धाकट्याला कडेवर घेऊन फराळाला आला. चकली मोडता मोडता म्हणाला, "सर, थोरल्याचं झालं, याला कुठं घालू?"

मी घसा खाकरला. आतून मुलगी म्हणाली, "दादा, बाबांना विचारू नका. रात्र होईल. आईला विचारा."

त्याने विचारले. पत्नी लाडवाचे ताट घेऊन बाहेर आली, पोराच्या हातात एक लाडू दिला आणि म्हणाली, "शाळेचं मग बघू. संध्याकाळी तुम्ही घरी किती वाजता येता, ते आधी सांगा."