मन अन्नाचं, मग हा जडवादच ना?

दत्तभक्तहो, निसर्गदत्त महाराजांचं (१८९७–१९८१) बोलणं वाचताना पुष्कळ साधक दचकतात. नवनाथांच्या इंचगिरी परंपरेतले, मुंबईत खेतवाडीत राहणारे हे सत्पुरुष सांगत, की 'मी आहे' ही जाणीव अन्नरसाच्या आधारानं टिकते. देह गेला की तीही मावळते. मग चार्वाक वेगळं काय म्हणाला? चार भूतांच्या मेळातून जाणीव उपजते, हेच ना?

मनापुरतं दोघांचं जुळतं, हे मोकळेपणानं मान्य करावं. हे नवंही नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला पंधरा दिवस उपाशी राहायला लावतो. मुखोद्गत वेद त्याला आठवेनात; जेवल्यावर पुन्हा आठवले. मन अन्नमय, हे आपल्या ऋषींनीच सांगून ठेवलंय.

फरक पुढे आहे. चार्वाक जाणिवेपाशी थांबतो. महाराज विचारतात, जाणीव झोपेत मावळली, सकाळी उगवली, हे ज्याला कळतं तो कोण? 'युक्तिवादानं हे सिद्ध होत नाही,' असं कोणी म्हणेल. खरं आहे. म्हणूनच महाराज 'माना' म्हणत नाहीत, 'पाहा' म्हणतात.

हा वाद नुसता पंडितांचा नव्हे. जन्मभर दत्तनाम घेतलेली म्हातारी आई आज तेच नाम विसरते. तिची साधना वाया गेली का? विसरलं ते मन, अन्नावर पोसलेलं. ज्याचं नाम घेतलं, तो तिच्या आठवणीवर अवलंबून नाही. तिच्या कानाशी नाम आपण घ्यावं; तिची परीक्षा घेऊ नये.

श्रीगुरुदेव दत्त!