एकेरी मार्ग

विमान घाटकोपरवर आले की चित्र अडखळू लागे. समोर मुंबई विमानतळाची २७ क्रमांकाची धावपट्टी, तिच्या दिव्यांची रांग, खाली दाट वस्ती. आणि हात सर्वांत स्थिर असायला हवा त्याच वेळी पडद्यावरचे जग किंचित थिजे आणि लहानशी उडी घेऊन पुन्हा चालू लागे. त्या थिजलेल्या क्षणात मी जॉयस्टिक गरजेपेक्षा अधिक ओढलेली असे. परिणाम ठरलेला होता. विमान धावपट्टीवर उतरत नसे, आदळे. विमान खोटे होते, प्रवासी नव्हते, तरीही प्रत्येक वेळी मला ओशाळल्यासारखे होई.

मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो. लहानपणी वैमानिक व्हायचे होते. तो प्रश्न चष्म्याने अकराव्या वर्षीच निकालात काढला. निवृत्तीनंतर, एकसष्टाव्या वर्षी, तो पुन्हा विचारात घेण्याइतकी सवड मिळाली. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर हा कार्यक्रम १९८२ पासून चालत आलेला आहे. त्याची २०२० साली आलेली आवृत्ती फ्रान्समधील बोर्दो येथील असोबो स्टुडिओने तयार केली. उपग्रहाच्या आणि विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवर उभी असलेली तिच्यातील पृथ्वी पाहिल्यावर जुन्या इच्छेला पुन्हा वाचा फुटली. भाच्याने स्वतःसाठी नवा संगणक घेतला आणि जुना मला दिला. त्यात सहा गाभ्यांचा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर होता आणि या कामाला अगदीच अपुरे असे एक ग्राफिक्स कार्ड होते.

दोन महिने मी वाचन केले, तक्ते केले, आणि अखेर लॅमिंग्टन रोडवर जाऊन आरटीएक्स ४०७० हे कार्ड घेतले. बारा गिगाबाइट स्मृती, ५,८८८ गणन-गाभे; किंमत साठ हजारांच्या आसपास. प्रोसेसरचा विचार मनात आला नाही असे नाही, पण तो मी मागे ढकलला. याचे कारण आज मला स्पष्ट दिसते. ढग, पाऊस, समुद्रावरचे ऊन, धावपट्टीवरचे टायरचे काळे पट्टे हे सारे कार्ड रंगवते. प्रोसेसरचे काम दिसत नाही. आपण बहुधा दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च करतो आणि न दिसणाऱ्या गोष्टीने निभावून न्यावे अशी अपेक्षा ठेवतो. घर बांधतानाही फरशीची निवड करायला सगळे कुटुंब दुकानात जाते. जमिनीखालच्या नळांचा निर्णय प्लंबरवर सोडला जातो.

नवे कार्ड बसवल्यावर चित्र सुंदर झाले, अडखळणे मात्र तसेच राहिले. रविवारी भाचा आला. त्याने विमान मुंबईच्या धावपट्टीसमोर आणून ठेवले आणि पडद्याची सूक्ष्मता २५६० गुणिले १४४० वरून १९२० गुणिले १०८० वर आणली. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सुमारे सदतीस लाख बिंदू रंगवायचे होते, ते एकवीस लाखांच्या आत आले. कार्डाचे ओझे इतके हलके झाले, तरी सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या जागची हलली नाही. आधी सत्तावीस होती, नंतरही सत्तावीसच. मग त्याने कार्यक्रमातील विकसकांसाठीची मोजपट्टी उघडली. तिच्यावर अक्षरे होती : ‘लिमिटेड बाय मेन थ्रेड’.

“मामा, कार्ड निम्मा वेळ रिकामं बसलंय,” तो म्हणाला. “प्रोसेसर त्याला काम देईल तेव्हा ते करणार ना. आणि प्रोसेसरचेही सहा गाभे आहेत, पण मुख्य काम एकाच्याच गळ्यात पडलंय.”

मी काही वेळ बोललो नाही. जी गोष्ट मला एका तरुणाने समजावून सांगितली, तीच सांभाळण्याचा पगार मी आयुष्यभर घेतला होता.

वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. सेक्शन कंट्रोलरच्या टेबलावर एक मोठा तक्ता पसरलेला असे. आडव्या दिशेने चोवीस तास, उभ्या दिशेने स्थानके. प्रत्येक गाडी म्हणजे या कागदावरची एक तिरकी रेघ. माझ्या वाट्याला अनेक वर्षे पुणे-मिरज हा सुमारे २८० किलोमीटरचा मार्ग होता आणि तेव्हा तो एकेरी होता. दुहेरीकरण नंतर टप्प्याटप्प्याने होत गेले. एकेरी मार्गाचा नियम कठोर असतो. दोन स्थानकांमधील ब्लॉक सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. समोरून येणारी गाडी बाहेर पडत नाही तोवर इकडच्या गाडीला लाइन क्लिअर मिळत नाही. तिने स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, म्हणजे लूपवर, थांबायचे. तिला दुप्पट ताकदीचे इंजिन जोडा, डबे नवे कोरे द्या. त्या ब्लॉकमध्ये शिरण्याची तिची वेळ एका मिनिटानेही अलीकडे येत नाही.

विमानाच्या आभासी जगातही एक असाच एकेरी मार्ग आहे. सेकंदाला तीस चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्राला सुमारे तेहतीस मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात जॉयस्टिक कुठे आहे ते वाचायचे, पंखांवरच्या वाऱ्याचा हिशेब करायचा, त्यावरून विमानाची नवी जागा ठरवायची, त्या जागेवरून काय दिसेल ते ठरवायचे, आणि मग कार्डाला सांगायचे की हे रंगव. यातील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरावर उभी आहे. जागा ठरल्याशिवाय दृश्य ठरत नाही. म्हणून ही साखळी अनेकांत वाटता येत नाही. रंगवण्याचे काम मात्र याच्या अगदी उलट आहे. बऱ्याच अंशी प्रत्येक बिंदू शेजारच्या बिंदूची वाट न पाहता रंगवता येतो. म्हणूनच कार्डात हजारो गाभे घालता येतात आणि ते सारे एकदम कामाला लागतात.

जीन अ‍ॅम्डाल या संगणक-रचनाकाराने १९६७ साली ही मर्यादा मांडली. एखाद्या कामाचा चौथा हिस्सा जर एकामागून एकच करावा लागणार असेल, तर उरलेल्या कामावर हजार माणसे लावली तरी एकूण काम चौपटीहून अधिक वेगाने होणार नाही. हे गणित वाचताना मला एका रात्रीची आठवण झाली.

पावसाळ्याचे दिवस होते. मिरजेकडे निघालेली एक पॅसेंजर गाडी क्रॉसिंगसाठी आदर्कीला लूपवर घेतली होती. समोरून एक्स्प्रेस येत होती. स्टेशनमास्तरांचा फोन आला : गाडीत एक आजारी माणूस आहे, मिरजेच्या दवाखान्यात न्यायचा आहे, नातेवाईक प्लॅटफॉर्मवर येऊन विनवण्या करत आहेत, गाडी पुढे सोडता येईल का? एक्स्प्रेस ब्लॉकमध्ये शिरून दोन मिनिटे झाली होती. अजून अठरा मिनिटे लागणार होती. पुढच्या दहा मिनिटांत माझ्या फोनवर चौघे जण आले. दोन स्थानकांचे मास्तर, एक वरिष्ठ, आणि कोणाच्या तरी ओळखीने थेट कंट्रोलला फोन लावलेले एक गृहस्थ. प्रत्येकाची तळमळ खरी होती. आम्ही पुढच्या मोठ्या स्थानकावर डॉक्टर बोलावला, रुग्णवाहिकेची चौकशी केली, गाडी सुटल्यावर तिला मध्ये कुठे अडकवायचे नाही असे ठरवले. म्हणजे वाटून घेता येण्याजोगी जी कामे होती ती सर्व वाटून घेतली. ती अठरा मिनिटे मात्र अठराच राहिली. मी पेन्सिल हातात घेऊन तक्त्याकडे पाहत बसलो. त्या रुग्णाचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. कंट्रोलरला ते कधी कळत नसते; त्याच्यापुरती गाडी सुटली की रेघ पुढे जाते.

मदत करू इच्छिणाऱ्या माणसाला या मर्यादेचा फार त्रास होतो. घरात कोणी गेले की दहा माणसे धावून येतात. कोणी दाखल्यासाठी पालिकेत जातो, कोणी स्वयंपाकाचे पाहतो, कोणी नातेवाइकांना कळवतो. ही सगळी कामे एकाच वेळी होतात आणि ती व्हायलाच हवीत. त्यांचे मोल कमी नाही. पण ज्याचे माणूस गेले आहे त्याला पहिल्या दिवसातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात स्वतःच जावे लागते. त्या दिवसांची वाटणी होत नाही. समजूत घालणारे आपण अनेकदा इथे चुकतो. दुःख लवकर ओसरत नाही असे दिसले की आणखी माणसे, आणखी बोलणे, आणखी उपाय आणतो. लूपवर उभ्या गाडीला आणखी एक इंजिन जोडावे तसे ते होते.

भाच्याने सुचवले की नवा संगणक घेण्याची गरज नाही, जुन्याच मदरबोर्डवर फक्त प्रोसेसर बदलू. त्याने निवडलेला प्रोसेसर होता रायझन ७ ५८००एक्स३डी, एएमडीने २०२२ साली काढलेला. तक्ते करण्याची माझी सवय जात नसल्याने मी त्याची तुलना त्याच्याच भावंडाशी, ५८००एक्सशी केली आणि गोंधळलो. दोघांचे गाभे आठच. उलट या नव्याचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे जुन्याच्या ४.७ पेक्षा कमी. तरीही सिम्युलेटरमध्ये हा मंद प्रोसेसर स्पष्टपणे पुढे जातो. कारण एवढेच की त्याच्या अंगावरच ९६ मेगाबाइटांची जलद स्मृती आहे. दुसऱ्याकडे ३२ आहे. लागणारी माहिती हाताशी नसली की प्रोसेसरला दूरच्या मुख्य स्मृतीपर्यंत जावे लागते, आणि तेवढा वेळ त्याचा सारा वेग नुसता वाट पाहण्यात जातो.

आमच्या कंट्रोलमध्ये एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांना घाई करताना मी कधी पाहिले नाही. बोलणे संथ, रेघ ओढणेही संथ. पण कोणत्या स्थानकाचा लूप किती डब्यांचा आहे, कुठे वेग कमी ठेवण्याची कॉशन ऑर्डर लागली आहे, कोणत्या चढावर मालगाडी दम खाते, हे त्यांना पाठ होते. जे पाठ नसे ते त्यांच्या डाव्या हाताच्या वहीत असे. आम्ही तरुण मंडळी फोन चपळाईने उचलत असू आणि मग उत्तर शोधत असू. पाळी संपताना त्यांचा तक्ता आमच्यापेक्षा नितळ असे. त्या काळी मी याला अनुभव असे मोघम नाव देऊन सोडून दिले होते.

प्रोसेसर बदलण्याचे काम माझ्याच टेबलावर झाले. भाच्याने आधी संगणक पंधरा मिनिटे चालू ठेवला, म्हणजे थर्मल पेस्ट मऊ होईल, आणि मग कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत वर उचलला. एवढे करूनही प्रोसेसर त्याच्या तळाला चिकटूनच वर आला. या प्रकारच्या प्रोसेसरला खालून १,३३१ पिना असतात, अगदी बारीक. जुन्याच्या कडेच्या दोन पिना वाकल्या होत्या. नवा हाती असताना त्या सरळ करण्याची निकड नव्हती. पण मी माझी जुनी पेन्सिल आणली, शिसे काढून टाकलेली, बारीक टोकाची, आणि भिंगाखाली एकेक पिन त्या पोकळ टोकात घेऊन उभी केली. अर्धा तास लागला. भाचा चहा घेत पाहत होता. दोन माणसे लावली तरी हे काम पंधरा मिनिटांत झाले नसते.

आता मुंबईवर सेकंदाला चाळीसच्या पुढे चित्रे येतात. कार्डात आणखी एक सोय आहे; दोन खऱ्या चित्रांमध्ये अंदाजाने रचलेले तिसरे चित्र ते घालू शकते. मोजपट्टीवरचा आकडा त्याने फुगतो, डोळ्यांना हालचालही मऊ वाटते. पण जॉयस्टिकची दखल खऱ्या चित्रांतच घेतली जाते. वेळापत्रकात शेवटच्या स्थानकाआधी काही राखीव मिनिटे ठेवलेली असतात, त्यामुळे वाटेत उशीर झालेली गाडीही वेळेवर पोचल्याची नोंद होऊ शकते. त्या मिनिटांचा उपयोग मला ठाऊक आहे आणि मी त्यांना नावे ठेवणार नाही. सिम्युलेटरमधली ती सोय मात्र मी बंद ठेवली आहे.

परवा सकाळी लोहगावहून सेस्ना १७२ घेऊन निघालो आणि रुळांच्या कडेने दक्षिणेला गेलो. ज्या मार्गावर मी हजारो रेघा ओढल्या तो मी वरून कधीच पाहिला नव्हता. शिंदवण्याचा घाट, जेजुरी, नीरा, लोणंद. तक्त्यावर ही नावे एका सरळ उभ्या ओळीत होती. इथे रूळ डोंगराला वळसे घालत, मागे फिरत, पुन्हा पुढे येत होते. ज्या ब्लॉकला इतकी मिनिटे का लागतात असे मी फोनवर विचारत असे, त्याचे उत्तर खाली पसरलेले होते. आदर्कीच्या लूपवर एक गाडी उभी दिसली. छायाचित्र घेतले गेले त्या दिवशी ती तिथे कोणाची तरी वाट पाहत थांबलेली असणार. जमिनीवर छापल्यासारखी, सपाट, इंजिनासकट. माझी नजर आपोआप समोरून येणाऱ्या गाडीच्या शोधात वाठारच्या दिशेला गेली. रूळ रिकामे होते. मी डावीकडे वळण घेतले आणि उंची थोडी कमी करून तिच्यावरून पुन्हा एकदा गेलो.